सात सर्व्हरांचा पंचनामा

चहा ओता, बसा, आणि आधी एक वचन द्या. हसायचं ते शेवटी. मधेच कुणी हसलं तर मी उठून जाईन. कारण जी फजिती सांगतोय ती माझी आहे, शंभर टक्के माझी. सरकारचा त्यात हात नाही. पस्तीस वर्षांत सरकारचा हात नसलेली ही पहिलीच भानगड माझ्या हाती लागली, आणि तीही मीच केलेली!

मी पत्रकार. जालन्याच्या एका दैनिकात पस्तीस वर्षं काढली. आता मला ‘सल्लागार’ म्हणतात. म्हणजे काय, तर एक टेबल दिलंय, टेबलावर फोन दिलाय, आणि सल्ला विचारायला कुणी येत नाही.

पण एक काळ होता. अंबड, परतूर, भोकरदन, कुठल्याही तालुक्याला जाऊन माझं नाव घ्या, समोरचा ग्रामसेवक सायकल वळवायचा. माझी ख्याती विहिरींची. योजनेतली विहीर कागदावर बांधून पूर्ण, आणि जागेवर जाऊन बघावं तर नुसती कुसळं. अशा विहिरी मी शोधायचो. पद्धत साधी. कागदावरचा आकडा वहीत उतरवायचा, एसटी पकडायची, शेतात जायचं आणि बोटानं मोजायचं. कागदावर जास्त, जागेवर कमी, की झाली बातमी. ह्याला मी पंचनामा म्हणायचो. आजकाल खुर्चीत बसून, पाय न हलवता, फोनवर आलेलंच परत फोनवर पाठवून बातम्या करतात आणि... जाऊ द्या. मी रागावलो की चहा गार होतो.

सोबत असायचे नबीभाई, आमचे फोटोग्राफर. वाटूर फाट्यापर्यंत एसटी, तिथून पुढं पायी, नाहीतर कुणाच्या बैलगाडीत. परत आलो की नबीभाई ऑफिसातल्या डार्करूममध्ये शिरायचे. लाल बल्ब, फोटो धुवायच्या रसायनाचा, हायपोचा, नाकात बसणारा वास, दोरीवर चिमट्यांनी टांगलेले ओले फोटो. मीही आत स्टुलावर बसून बातमी लिहायचो. एकदा लाल पेनानं पानभर लिहिलं आणि लाल उजेडात एक अक्षर दिसेना. मला वाटलं, पेनातली शाई संपली. दुसरं पान घेतलं, तेही कोरं. बाहेर आलो तर दोन्ही पानं भरलेली, आणि दोन्हींवर एकच बातमी! नबीभाई महिनाभर ते सगळ्यांना सांगत होते.

प्रत्येक फोटोचे ते दोन प्रिंट काढायचे. मी म्हणायचो, कशाला कागद वाया घालवता? ते म्हणायचे, “साब, एक छापने को, एक अपने पास. छपा हुआ गुम जाता.”

नबीभाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेले तेव्हापासून मी डार्करूमच्या दाराकडं फिरकलो नाही. दाराला कुलूप होतं, आणि आत काय आहे ते मला माहीत आहे असं मी धरून चाललो होतो. हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

तर आमच्याकडं सारिका नावाची मुलगी कामाला आली. तीर्थपुरीची. वडील शाळेत मास्तर, घरी थोडी शेती. ऑफिसातलं सगळं काम ज्या यंत्रांवर चालतं, ते सर्व्हर सांभाळणं ही तिची नोकरी. तिच्या आधी आमच्याकडं सर्व्हरची सात खोकी ऑफिसभर पसरलेली होती. एक जिन्याखाली, एक पाण्याच्या माठाशेजारी, एक माझ्या टेबलाखाली. माझ्या टेबलाखालचं चांगलं तापायचं. हिवाळ्यात मी चप्पल काढून त्याच्यावर पाय शेकायचो. खरं सांगतो, इतका उपयोगाचा सर्व्हर पुन्हा झाला नाही.

सारिकानं महिनाभरात सातही खोकी उचलली. माझे पाय गार पडले. आमचं वैर तिथून सुरू झालं, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

काचेच्या एका छोट्या खोलीच्या दारावर तिनं यादी चिकटवली. पानं, फोटो, जाहिराती, टपाल, वेबसाइट, हजेरी, जुने अंक. सात नावं, सात सर्व्हर. मी काचेतून आत बघितलं. एक पेटी होती. चष्मा पुसून बघितलं. एकच पेटी. वाकून मागं बघितलं, शिपाई विचारू लागला की काका काही पडलं का. काही पडलं नव्हतं, उलट मला सापडलं होतं. कागदावर सात, जागेवर एक! इतक्या वर्षांनी माझ्या बोटांना काम मिळालं. मी वही काढली आणि थेट तिच्या टेबलापाशी गेलो.

“सारिका, सर्व्हर किती?”

“सात, काका.”

“खोलीत पेट्या किती?”

“एक.”

“मंग बाकीचे सहा कुठं गेले?”

“कुठंच न्हाई गेले. त्याच पेटीत आहेत. एका मोठ्या यंत्राच्या आत सात यंत्रं चालवतो आपण. व्हर्च्युअल म्हणतात त्यांना.”

“मला त्यांतल्या एकाला हात लावून बघायचा असला तर?”

“हात न्हाई लावता येणार, काका.”

मी वहीत लिहिलं: कबुली दिली. खाली दोन रेघा मारल्या. ती पुढं काहीतरी सांगत होती, पेटी बंद पडली तर काय होतं वगैरे, पण कबुली मिळाल्यावर साक्षीदाराला जास्त बोलू द्यायचं नसतं. नंतर तो फिरतो. घरी जाऊन शब्दकोश उघडला. व्हर्च्युअल म्हणजे आभासी. पस्तीस वर्षं मी ‘बोगस’ लिहीत आलो, आणि त्याला इतका सभ्य शब्द असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

तेव्हा सारिका तीन महिन्यांच्या बोलीवर होती. आमचे मालक भैय्यासाहेब. त्यांच्या वडिलांनी मला नोकरीला ठेवलं तेव्हा हे शाळेत होते. भैय्यासाहेबांनी तिला सांगितलं होतं की शनिवारी चारला मी येणार, तू परीक्षा द्यायची. यंत्रात बिघाड झाला तरी पेपर थांबता कामा नये, सगळं परत उभं राहिलं पाहिजे. राहिलं तर कायमचं पत्र, नाहीतर नोकरी संपली, काम बाहेरच्या कंपनीला. पोरगी जीव तोडून तयारी करत होती. टेबलावर प्रश्नांची चळत असायची. हे बंद पडलं तर पहिलं काय तपासाल, ते ठीक निघालं तर दुसरं काय. डबा खाता खाता स्वतःलाच प्रश्न विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची. मी लांबून बघायचो आणि म्हणायचो, बघा, जबानी पाठ करून राह्यली.

आता मधेच एक गोष्ट सांगून टाकतो. त्या सात नावांतलं ‘जुने अंक’ म्हणजे आमच्या दैनिकाचे आजवरचे सगळे अंक, यंत्रात उतरवून ठेवलेले. ही खोकी हलवायची निघाली तेव्हा मी भैय्यासाहेबांच्या ऑफिसात लेखी अर्ज दिला होता. जुने अंक एकाच पेटीत राहावेत, तिथून हलवू नयेत, त्यांची दुसरी प्रत काढू नये. एवढा अट्टाहास कशापायी, ते आत्ता विचारू नका. विचारलंत तरी शेवटीच सांगणार. तो अर्ज भैय्यासाहेबांनी न वाचता सारिकाकडं पाठवून दिला.

आणि सारिका माझ्याकडं सहीसाठी आली. एकदा न्हाई, चारदा. चौथ्यांदा त्याच शनिवारी, दुपारी तीनला.

“काका, बाकीच्या सहांचं सामान मी वेगळ्या, सामाईक डिस्कवर ठेवलंय, म्हणजे कुठल्याही यंत्राला ते उचलता येतं. तुमचे जुने अंकच तेवढे ह्या एका पेटीत अडकलेत. पेटी गेली तर अंक गेले. अर्ज मागं घेतल्याची एक सही द्या, तासाभरात हलवते.”

“शनिवारी चारला परीक्षा, आणि तीनला तुला पुरावा हलवायचा?”

तिनं कागद फाइलीत ठेवला आणि गेली. मला वाटलं, जिंकलो.

चार वाजता भैय्यासाहेब आले. काचेच्या खोलीत मी, ते आणि सारिका. बाहेर विठ्ठल, आमचा पानं लावणारा, पहिल्या पानावर काम करत होता. सारिकानं तोंड उघडायच्या आत मी वही उघडली. काय भाषण केलं म्हणून सांगू! पस्तीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. विहिरी, बंधारे, कागदावरची झाडं, आणि आता कागदावरचे सर्व्हर. म्हणलं, भैय्यासाहेब, हिशोब सरळ आहे. खरोखर सात असतील तर एक बंद केल्यानं बाकीचे सहा चालले पाहिजेत. आणि सगळे एकदम बंद पडले तर समजा, सात कधी नव्हतेच. करू पंचनामा?

भैय्यासाहेबांनी सारिकाकडं बघितलं. सारिका म्हणाली, “काका, थांबा जरा.”

साक्षीदार थांबा म्हणाला की बातमीदारानं थांबायचं नसतं. मी पेटीच्या मागं हात घातला आणि विजेची केबल उपसली.

पेटी एकदा टूंक करून वाजली. एक पिवळा दिवा लागला. बाकी काही नाही. बाहेर विठ्ठल पान लावतच होता.

“बघा,” मी म्हणालो, “वायर काढली तरी फरक न्हाई.”

“त्याला दोन वायरी असतात, काका. एक गेली तर दुसरीवर चालतं. दुसरीला हात लावू नका.”

आता तुम्हीच सांगा, असं म्हणल्यावर कुणी गप्प बसेल का? मी दुसरीही उपसली.

पेटीतला पंखा हळूहळू मंदावला आणि थांबला. बाहेरून विठ्ठलचा आवाज आला, “ओ, माझं पान गेलं.” मग जाहिरातीवाल्यांचं गेलं. मग टपाल. सगळं ऑफिस खुर्च्या मागं सारून उभं राहिलं. भैय्यासाहेबांचा चेहरा उतरला. मी वहीत ‘सिद्ध’ असं लिहिलं. दोन्ही हातांत एकेक केबल धरून उभा होतो, शिकारीनंतर फोटो काढतात ना, तसा.

सारिका मात्र माझ्याकडं बघत नव्हती. खिडकीतल्या आपल्या लॅपटॉपकडं बघत बोटं मोजत होती. दोन-तीन मिनिटं गेली असतील. आणि बाहेरून विठ्ठल म्हणाला, “आलं. पान परत आलं.”

केबल माझ्या हातात. पेटी मेलेली. आणि पान परत आलेलं!

शहाण्या माणसानं इथं गप्प बसायचं. मी काय केलं माहिताय? मी म्हणालो, “भैय्यासाहेब, प्रकरण मला वाटलं त्याच्यापेक्षा मोठं आहे. ही पेटीसुद्धा बोगस निघाली. सातातला एकही खरा न्हाई!”

भैय्यासाहेबांनी मला कोपरापाशी धरून खुर्चीवर बसवलं. सारिकाला विचारलं, हे कुठून चालू झालं? तिनं पर्समधून किल्ली काढली आणि निघाली. मीही मागून गेलो. ती डार्करूमपाशी थांबली.

दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच अडकलो. वास तोच होता. इतकी वर्षं झाली, भिंतींनी हायपो सोडला नव्हता. लाल बल्ब जागेवर. दोरी तशीच, तिच्यावर चार चिमटे. माझं स्टूल कोपऱ्यात. आणि नबीभाईंचं फोटो मोठे करायचं यंत्र जिथं असायचं, बरोब्बर त्या ओट्यावर एक काळी पेटी घुमत होती, खाली सामाईक डिस्कची दुसरी. चिमटे का काढले न्हाई, मी विचारलं. सारिका म्हणाली, “कुणाचे तरी नीट लावलेले दिसले. कशाला काढायचे?”

मी चष्मा पुसला आणि भांडायचं ठरवलं. म्हणलं, ते सगळं ठीक आहे, पण एका पेटीत सात कसे मावतात, हे मला अजून पटलेलं न्हाई.

“काका, आमच्या शेतात विहीर आहे,” सारिका म्हणाली. “विहीर एक, वाटेकरी चौघं. माझे वडील आणि तीन चुलते. सोमवारी आमची पाळी, मंगळवारी मोठ्या चुलत्याची. सातबाऱ्यावर चौघांच्याही नावापुढं विहीर लिहिलीय. चौघांचंही पीक भिजतं. आता तुम्ही सातबारे घेऊन आलात आणि चार विहिरी शोधायला लागलात, तर?”

भैय्यासाहेब मान डोलावत होते. माझ्या मात्र पाठीवरून घाम उतरला. का, ते कळेल.

“आणि ही विहीर आटली,” ती म्हणाली, “तर पाळ्या दुसऱ्या विहिरीवर जातात. ती दुसरी विहीर ही. हीच परीक्षा मी तुम्हाला दाखवणार होते. काकांनी आधी घेतली.”

“मग सातही आले?” भैय्यासाहेबांनी विचारलं.

“सहा आले. जुने अंक न्हाई आले.”

भैय्यासाहेबांचा आवाज बदलला. “सगळं उभं राहिलं पाहिजे असं ठरलं होतं, सारिका. सातवं का न्हाई?”

तिच्या हातात फाइल होती. माझा अर्ज त्यात सगळ्यात वर होता, मला उभ्या जागेवरून दिसत होता. एक पान पुढं केलं असतं तर सुटली असती. तिनं फाइल मिटली. म्हणाली, “ते माझ्याकडून राह्यलं, सर. मी हलवायला पाहिजे होतं.”

पस्तीस वर्षं मी लोकांना खरं बोला म्हणून छळलंय. आणि ही माझ्यासाठी खोटं बोलत होती, नोकरी पणाला लावून. तेही नबीभाईंच्या खोलीत. मी तिच्या हातून फाइल घेतली आणि अर्ज भैय्यासाहेबांपुढं धरला. म्हणलं, हा वाचा, तुम्ही न वाचता पुढं पाठवला होता. ही पोरगी चारदा सही मागायला आल्ती. चारदा मी हाकलली. सातवं आलं न्हाई ते माझ्यामुळं, आणि वायरही मीच उपसली.

भैय्यासाहेबांनी अर्ज वाचला. घडी घालून खिशात ठेवला.

आम्ही काचेच्या खोलीत परत आलो. सारिकानं माझ्या हातांनीच दोन्ही केबल परत लावून घेतल्या. पेटी सुरू झाली, पण जुने अंक झटका बसून बंद पडलेले. आता आत काही मोडलं आहे का, हे यंत्र स्वतःच तपासत बसलं. सारिका एकेक प्रश्न स्वतःला विचारायची, बघायची, पुढं जायची. तेच, डब्यावर बसून पाठ केलेले प्रश्न. वीस मिनिटं गेली असतील. मी त्या वीस मिनिटांत काय काय आठवलं! एसटीच्या कंडक्टरकडं दिलेली बातम्यांची पाकिटं, छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे काळे हात, पहिल्या पानावर पहिल्यांदा छापलेलं नाव. सगळं त्या पेटीत होतं, आणि तिचं मुंडकं मी मुरगळलं होतं.

“आलं,” सारिका म्हणाली.

भैय्यासाहेब म्हणाले, उघडून बघू, एखादं पान लागतंय का. काकांची ती पहिली गाजलेली बातमी काढ, विहिरींची. काकांच्या बैठकीत फ्रेम करून लावलीय ती.

मी म्हणालो, ते राहू द्या, दुसरं काहीही काढा, हजार पानं आहेत. पण सारिकानं माझं नाव टाकलं, पुढं ‘विहीर’ टाकलं, आणि सगळ्यात जुनं पान समोर आलं. नबीभाईंचा फोटो, विहिरीच्या काठावर मी, हात कमरेवर. वर ठळक मथळा: ‘पाच विहिरी कागदावर, जागेवर एकच! चार विहिरी गेल्या कुठे?’

“वा,” भैय्यासाहेब म्हणाले.

सारिकानं बाण दाबला. दुसऱ्या दिवशीचा अंक आला. आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, एक बोटभर चौकट. तिनं ती मोठी केली आणि वाचली.

“खुलासा. सदर विहीर पाच भावांची सामाईक असून प्रत्येकाची पाळी ठरलेली आहे. पाचांच्या सातबाऱ्यावर तीच एक विहीर नोंदलेली आहे. आमच्या नव्या वार्ताहराच्या गैरसमजातून झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत.”

आता कळलं, दुसरी प्रत का नको होती? बातमीची फ्रेम मी बैठकीत लावली. खुलाशाचा कागद माझ्याकडं कधी नव्हताच. ऑफिसातली जुनी फाइल वाळवीनं खाल्ली तेव्हा मी एकटाच होतो ज्याला बरं वाटलं. राहिली होती ती एवढी एक प्रत, त्या एका पेटीत.

भैय्यासाहेब खुर्चीत मागं रेलून इतके हसले की विठ्ठल काम सोडून काचेपाशी आला. सारिका मात्र हसली नाही. तिनं सहीचा कागद पुढं सरकवला. मी मुकाट्यानं सही केली. तासाभरात जुने अंक सामाईक डिस्कवर गेले, वर त्यांची आणखी एक प्रत वेगळी निघाली. एक छापने को, एक अपने पास. पत्र तिला त्याच संध्याकाळी मिळालं.

आता दर तीन महिन्यांनी ही परीक्षा होते. केबल उपसायला मलाच बोलावतात, तसा ऑफिसचा रिवाजच पडलाय. मी दोन्ही केबल उपसतो, आणि डार्करूममध्ये, नबीभाईंच्या ओट्यावर, सातही परत उभे राहतात. मग जुने अंक धड आलेत का ते बघायला एक पान उघडायचं असतं, दर वेळी तेच, म्हणजे फरक पडला तर लगेच कळतो. ते पान कोणतं, हे सारिकानं नियमात लिहून भिंतीवर लावलंय. आणि सगळ्या ऑफिससमोर ते मोठ्यानं वाचून दाखवायचं काम सल्लागाराकडं आहे.